कुत्र्याची खिडकी

किल्ल्याच्या पहिल्या पायरीवर उभं राहून गाईडबाई सव्वीस वर्षं एकच वाक्य सांगत आली होती. "या पायऱ्या साडेतीनशे वर्षांच्या आहेत. त्यांना कसली घाई नाही, तुम्हीही करू नका." लोक हसायचे आणि लगेच घाई करायचे. एखादा शेवाळावरून घसरायचा, मग बाकीचे कठडा धरून शहाण्यासारखे चढायचे. तिला ते ठाऊकच असे. कोण घसरणार हे ती बुटांवरून ओळखायची.

बेट एवढंसं. खाली धक्का, धक्क्यावर नणंदेचं चहाचं दुकान, त्याच्या बाजूला तिकिटाची खिडकी. मधल्या वाटेवर जकातीची जुनी वखार, वर किल्ला, आणि पार टोकाला दीपगृह. हवा बारा महिने ओली. कपाटातल्या चपलांना बुरशी धरायची, वह्यांची पानं फुगायची, मिठाची बरणी दोन दिवसांत सादळायची. लोक मात्र लांबून यायचे, फोटो काढायचे आणि "काय भाग्यवान आहात तुम्ही, इथे राहता!" म्हणायचे. यावर बाईचा नवरा म्हणायचा, "या की राहायला. आधी चपला वाळवायला शिका."

तो लाँच चालवायचा. चाळीस माणसांची लाकडी लाँच, म्हाताऱ्या कोंबडीसारखी कुरकुरत यायची. बेटावर त्याला कप्तान म्हणत. आधी ते चिडवण्यासाठी होतं, पुढे नावच पडलं. दिवसाला चार फेऱ्या. तो माणसं आणून धक्क्यावर उतरवायचा, बाई त्यांना किल्ला दाखवून सव्वा तासानं परत त्याच्या हवाली करायची. "तुमचा माल नीट मोजून घ्या," ती म्हणायची. तो बोटानं डोकी मोजायचा आणि म्हणायचा, "एक जास्त आलाय. किल्लेदार तर नव्हे?"

आता ती खिडकीची गोष्ट. दक्षिणेकडच्या बुरुजात, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, हातभर रुंद एक भोक आहे. त्यातून थेट धक्का दिसतो. तोफेला ते लहान, माणसाला खाली, आणि खालच्या दगडाला शेजारी शेजारी दोन खळगे. पहिली दोन-तीन वर्षं बाई तिथून मुकाट्यानं पुढे जायची. एकदा सहलीतल्या एका मुलीनं विचारलंच, "ही खिडकी एवढी खाली का?" बाईला उत्तर सुचेना. घरी जेवताना तिनं नवऱ्याला सांगितलं की आज माझी फजिती झाली.

"कुत्र्यासाठी असेल," तो तोंडात घास ठेवून म्हणाला.

"कसला कुत्रा?"

मग त्यानं अगदी सरळ चेहऱ्यानं सगळं सांगितलं. किल्लेदार महिनोन्‌महिने मोहिमेवर जायचा. त्याचा कुत्रा काही खाईना, दारात बसून भुंकायचा, साऱ्या किल्ल्याची झोप घालवायचा. शेवटी किल्लेदाराच्या बायकोनं वैतागून गवंडी बोलावला आणि कुत्र्याला खिडकी पाडून दिली. दुसऱ्या कुणाची होडी आली तर कुत्रा मान वर करायचा नाही. किल्लेदाराची दिसली की पुढचे पंजे या दगडावर टाकून उभा राहायचा. तेच हे खळगे.

"हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

"कुत्र्यानं," तो म्हणाला आणि आमटी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी तिनं ते जसंच्या तसं सांगितलं. सांगताना जरा धाकधूक होती, पण लोक खूश झाले. त्यांच्यात एक म्हातारे गृहस्थ होते, मुलगा परदेशी असलेले. ते कसेबसे गुडघ्यांवर बसले, दोन्ही हात त्या खळग्यांत ठेवले आणि धक्क्याकडे बघत राहिले. त्यांचं बघून आणखी दोघांनी ठेवले. झालं, तिथून ती रीतच पडली. दूर गेलेलं माणूस परत यावं म्हणून खळग्यांत हात ठेवायचे. बाहेरच्यांचं सोडा, बेटावरचे लोकही ठेवू लागले. कुणी किनाऱ्यावरच्या मोठ्या दवाखान्यात भरती व्हायला निघालं, कुणाचं पोर परीक्षेला गेलं की घरचं कुणीतरी वर जाऊन यायचं. बाईची स्वतःची लेक नर्सिंगला गेली तेव्हा बाई आणि कप्तान दोघंही गेले. गोष्ट कुणाच्या डोक्यातून निघाली हे जगात दोघांनाच ठाऊक, आणि तेच दोघं गुडघे टेकून बसले. "गंमत म्हणून," तो म्हणाला. "हो, गंमतच," ती म्हणाली. उठताना त्याचा गुडघा वाजला.

कप्तान गेला तो दुसऱ्या फेरीला, साडेअकराच्या सुमारास.

त्यानं लाँच धक्क्याला लावली, दोर टाकला, एका म्हाताऱ्या बाईंना हात देऊन उतरवलं. सगळे उतरले तसा तो इंजिनाच्या पेटीवर बसला आणि आडवा झाला. बहिणीनं दुकानातून हाक मारली, "अरे दादा, चहा झालाय." तो उठला नाही. तिकीटवाले काका धावले, दवाखान्यातला कंपाउंडर धावत आला. त्यानं मनगट धरलं, छातीला कान लावला आणि मान हलवली.

तोवर सगळी मंडळी किल्ला चढू लागली होती आणि बाई त्यांच्या पुढे होती. वर जाऊन चाळीस परक्या माणसांच्या देखत तिला कसं सांगायचं, हे तिकीटवाल्या काकांना समजेना. त्यांनी आयुष्यभर तिकिटंच फाडली होती. ते म्हणाले, "खाली येऊ द्या वहिनींना. मग सांगू." सगळ्यांना ते बरं वाटलं, कारण मग कुणालाच वर जायला नको.

बाईनं पूर्ण किल्ला दाखवला. तोफांची वजनं सांगितली, पाण्याचं टाकं दाखवलं, कुत्र्याची गोष्ट सांगितली. दक्षिण बुरुजावरून तिनं खाली बोट दाखवलं. लाँच धक्क्याला होती, पेटीवर नवरा आडवा, तोंडावर फडकं, बाजूला तीन-चार माणसं उभी. ऊन लागतं म्हणून फडकं घेतलं असेल आणि इंजिनाचं पुन्हा काहीतरी बिनसलं असेल, असं तिला वाटलं.

"ते बघा आमचे कप्तान," ती म्हणाली. "ड्युटीवर झोपलेत. पण कुणी तक्रार करू नका, तुमची परतीची वाट त्यांच्याच हातात आहे."

सगळे हसले. तीही हसली.

खाली आल्यावर तिला सांगितलं.

पुढचं सगळं रीतसर उरकलं. लेक पहिल्या बोटीनं आली आणि धक्क्यावरच कोसळली. नणंदेनं ऊर बडवून घेतला. बाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. आल्यागेल्याला तिनं पाणी दिलं, कुणाला कुठे झोपवायचं ते ठरवलं, नवऱ्याचे धुतलेले शर्ट दोरीवरून काढून घड्या घातल्या. घड्या घालून झाल्यावर ते कुठे ठेवायचे हे सुचेना, म्हणून खुर्चीवर ठेवले. ते तिथेच राहिले. बायका कुजबुजल्या, "दगडात राहून राहून दगड झालीय." तिनं ते ऐकलं. लागलं मात्र नाही. असेलही तसं, एवढंच मनात आलं.

नवव्या दिवशी गणवेशाची साडी नेसून ती कामावर गेली.

कामाचा काही प्रश्न नव्हता. भाषण तोंडपाठ होतं. तोंड आपोआप चालायचं, पाय आपोआप थांबायचे, हसायच्या जागी लोक हसायचे. घरी पोळी भाजताना बोट तव्याला लागलं, ते तिला दुसऱ्या दिवशी फोड बघून समजलं. नणंद डबा द्यायची, ती खायची. आज भाजी कसली होती असं विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. दुपारच्या दोन फेऱ्यांच्या मधे ती तोफेच्या सावलीत बसायची. समोर समुद्र असायचा. ती समुद्र बघत नसे, फक्त तोंड त्या बाजूला असे.

लेकीचा रोज फोन यायचा.

"आई, रडलीस का?"

"नाही."

"रडून घे गं एकदा. मोकळं वाटेल."

"कसं रडू?"

रोज आजारी माणसांत वावरणारी पोर, पण हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती म्हणाली, "इकडे ये माझ्याकडे. थोडे दिवस."

"येते," बाई म्हणाली. गेली नाही.

तिकीटवाले काका तिच्याशी नजर मिळवेनासे झाले होते. तिची हजेरीची वही सही करून खिडकीतून पुढे सरकवायचे आणि मान खाली घालायचे. महिन्याभरानं एकदा धीर करून बाहेर आले. "वहिनी, त्या दिवशी माझं चुकलं. मी वर यायला हवं होतं."

"आला असता तर काय झालं असतं?"

"तुम्ही लगेच खाली आला असता."

"आणि?"

काका हातातलं पेन उघडत आणि मिटत राहिले.

"मग झालं तर," बाई म्हणाली. तिला त्यांचा राग नव्हता. राग यायला आत काहीतरी लागतं. त्यांनी फक्त वाटेतून बाजूला व्हावं, एवढंच तिला वाटत होतं, कारण लाँच आली होती आणि लोक उतरत होते. लाँच आता दुसरा माणूस चालवायचा. तो बरा होता. माणसं मोजायचा नाही.

दोन-अडीच महिन्यांनी पुरातत्त्व खात्याच्या मॅडम आल्या. वय जेमतेम तिशीचं, पायात भक्कम बूट, पाठीला पिशवी, पिशवीत नकाशे. सगळ्या किल्ल्याला नवे फलक लागायचे होते. तीन दिवस त्यांनी टेप लावून दगडन्‌दगड मोजला. चौथ्या दिवशी त्या बाईच्या शेजारी येऊन बसल्या. आधी हवेबद्दल बोलल्या, मग पाण्याबद्दल, मग म्हणाल्या, "बाई, तुमच्या त्या कुत्र्याच्या खिडकीबद्दल बोलायचं होतं."

"बोला."

"ती खिडकी नाहीये. आतल्या फरशीचा उतार बघा, सगळा तिकडेच आहे. बुरुजावरचं पावसाचं पाणी जायची ती मोरी आहे. आणि ते खळगे लाकडी झडप बसवायला केलेत. जुन्या नकाशातही तसंच आहे." एका दमात एवढं बोलून त्या थांबल्या. तिकीटवाल्या काकांनी त्यांना सांगून ठेवलं होतं की खिडकीचा विषय काढाल तर सांभाळून. "म्हणजे यापुढे कुत्र्याचं सांगता येणार नाही. नोंद नाही ना कुठे."

"बरं," बाई म्हणाली.

"वाईट नाही ना वाटलं?"

"नाही."

आणि खरंच नव्हतं वाटलं. दुसऱ्या दिवशी दक्षिण बुरुजावर येऊन ती म्हणाली, "ही पावसाचं पाणी जायची मोरी." लोकांनी मोरीकडे बघितलं, मग मोबाइलकडे. कुणी वाकलं नाही. सगळा फेरा चार मिनिटं लवकर संपला. ती चार मिनिटं बाई सावलीत उभी राहिली.

बेटावर मात्र गहजब झाला. नणंदेनं चहाचं भांडं आदळलं. "माझ्या भावाची गोष्ट त्या कालच्या पोरीनं मोरीत घातली, आणि तू नंदीबैलासारखी मान हलवून आलीस?" कप्तान गेल्यावर एका दुपारी गोष्टीचं मूळ बाईनं तिला सांगून टाकलं होतं.

"अगं, मोरीच आहे ती. उतार आहे फरशीला."

"असू दे उतार! इतकी वर्षं नव्हता का उतार?"

"होता."

"मग?"

बाईनं पेला विसळून ठेवला आणि वर गेली.

पावसाळ्याच्या तोंडावर, शेवटच्या शेवटच्या फेऱ्यांत, एक म्हातारी बाई आली. बरोबर कॉलेजातली नात. म्हातारी दमेकरी होती, दर दहा पायऱ्यांना थांबत होती, पण पालखी-खुर्ची नको म्हणाली. दक्षिण बुरुजावर गाईडबाई म्हणाली, "ही पावसाचं पाणी..."

"कुत्र्याची खिडकी हीच ना?" म्हातारी म्हणाली. "बघ गं, हीच ती. मी सांगितलं होतं ना? एकोणीस वर्षांपूर्वी मी इथं हात ठेवले होते. तुझे आजोबा जहाजावर होते तेव्हा. अहो बाई, तुम्हीच होता तेव्हा. हिला सांगा ना ती गोष्ट."

"ती मोरी आहे, आजी."

"पण तुम्हीच तर सांगितलं होतंत."

"हो."

"मग ते खोटं होतं?"

वीस-पंचवीस लोक भोवती उभे होते. कुणीतरी खोकलं. बाईनं म्हातारीकडे बघितलं. नियमाप्रमाणे पुढच्या टाक्याकडे जायचं होतं. पाय निघाले नाहीत.

"माझ्या नवऱ्यानं रचलं होतं," ती म्हणाली. "जेवताना. ही खिडकी इतकी खाली का, असं एका मुलीनं विचारलं आणि मला सांगता आलं नाही, म्हणून." मग तिनं सगळी गोष्ट सांगितली, किल्लेदाराच्या बायकोपासून गवंड्यापर्यंत. "मी विचारलं, हे तुम्हाला सांगितलं कुणी? तर म्हणाले, कुत्र्यानं. आणि आमटी वाढून घेतली."

लोक हसले. एका तरुण मुलानं विचारलं, "कुठे असतात ते? भेटवा ना आम्हाला."

"वारले," बाई म्हणाली. तोफेचं वजन ती ज्या आवाजात सांगे, त्याच आवाजात. "खाली त्या धक्क्याला. मी इथे वर होते, तुमच्यासारख्याच लोकांना किल्ला दाखवत होते. इथूनच ते मला दिसले. मला वाटलं झोपलेत. तसं मी लोकांना सांगितलंही, आणि आम्ही सगळे हसलो. मला तासाभरानं समजलं." तिनं पुढे हात केला. "आता आपण पाण्याचं टाकं बघू."

कुणी हललं नाही. म्हातारीनं नातीचा हात धरला, हळूहळू खाली बसली आणि दोन्ही तळवे खळग्यांत ठेवले.

"आजी, मोरी आहे ती," बाई म्हणाली.

"असू दे की. माझं कुठे अडतंय?" म्हातारी म्हणाली.

"आजोबा आले होते का परत?" बाईनं विचारलं.

"आले की. पुढे अकरा वर्षं होते. भांडायचे नुसते." तिनं डोळे पुसले आणि नातीला म्हणाली, "उठव आता मला, माझं मला जमायचं नाही."

त्या दिवसापासून बाई तसंच सांगू लागली. आधी मोरी, मग उतार आणि झडप, मग नवरा, आमटी आणि कुत्रा, आणि शेवटी धक्का. रडू यावं म्हणून सांगत नव्हती, आणि आलंही नाही. क्रमानं जे घडलं ते सांगायची, इतकंच. काही लोक हात ठेवायचे, काही नाही.

हे मॅडमच्या कानावर गेलं. त्या काही न कळवता एक दिवस लाँचनं आल्या, तिकीट काढलं आणि टोपी डोळ्यांवर ओढून सगळ्यांच्या मागे उभ्या राहिल्या. बूट बघून बाईनं ओळखलं, पण नेहमीचंच सांगत राहिली. फेरा संपल्यावर मॅडम जवळ आल्या. पाण्याच्या बाटलीचं झाकण लावलं.

"हे सांगा," त्या म्हणाल्या. "यात खोटं काही नाही." मग वही काढली. "लोक हात कधीपासून ठेवतात? फलकावर घालते मी. स्थानिक प्रथा म्हणून."

किल्ल्याचं साल, तोफेचं साल, वखार जळाली ते साल, सगळं बाईच्या जिभेवर होतं. हे साल मात्र आठवेना. तिनं हिशेब केला. लेक तेव्हा तिसरीत होती. "तेवीस वर्षं झाली असतील."

"नाव कुणाचं घालू?"

"नको. त्यांना लोक काय म्हणत, तेवढं घाला. लाँचचे कप्तान."

पावसाळ्यात किल्ला बंद असतो. बाई लेकीकडे जाऊन आली. तिथे आठ दिवस ती नुसती झोपली. सकाळी झोपली, दुपारी झोपली, जेवून पुन्हा झोपली. लेकीनं उठवलं नाही. परत आली तेव्हा फलक लागला होता, निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं. तिनं तो उभं राहून वाचला. 'खळगे'चं 'खडगे' झालं होतं. तिनं चूक कागदावर लिहून तिकीटवाल्या काकांकडे दिली. काकांनी या वेळी मान वर करून कागद घेतला.

हंगाम सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात ती दुपारी चहाला उतरली. दुकानात सात-आठ प्रवासी बसले होते आणि नणंद पदर खोचून त्यांना सांगत होती, "...पांढराशुभ्र कुत्रा, बरं का! कापसासारखा. नुसता लांबून दिसायचा खिडकीत..."

"काळा," बाई म्हणाली.

नणंद वळली. "काय?"

"काळा होता कुत्रा."

"कुणी सांगितलं? पांढरा होता. लांबून दिसायला पांढराच हवा."

"त्यानं होडी बघायची होती, होडीनं त्याला नाही. काळा होता. मला माहितेय, मी त्या जेवणाला होते."

"दादा माझा होता!"

"नवरा माझा होता! आणि कुत्रा काळा होता, पांढरा म्हणालीस तर याद राख!"

आवाज चढला होता. प्रवासी पेले हातात धरून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होते. बाईचे कान गरम झाले होते. नवऱ्यानं त्या जेवणात रंगाबद्दल अवाक्षरही काढलं नव्हतं, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिला सणसणून राग आला होता. आपल्याला राग आलाय हे तिच्या ध्यानात आलं, तशी ती चपापली आणि बाकावर बसली.

नणंदेनं चहाचा पेला तिच्यापुढे ठेवला. बाईनं घोट घेतला.

"केवढी साखर घातलीस गं," ती म्हणाली.

"रोज एवढीच घालते," नणंद म्हणाली. "तोंडाची चव गेलेल्यांना आज समजलं."

पेला अर्धा ठेवून बाई उठली. दोनच्या फेरीची लाँच धक्क्याला लागत होती.